अंजनीची मान

बदलापूरच्या मराठी शाळेत शेवटची दोन वर्षं घंटा देण्याचं काम माझ्याकडे होतं. तास संपला की सावकाश दोन टोले, आणि शाळा सुटली की हात दुखेपर्यंत टणाटणा. हे दुसरं काम मी इतक्या मनापासून करायचो की हेडमास्तर म्हणायचे, याचं गणित सोडून बाकी सगळं पक्कं आहे. पुढे कल्याणला जाऊन मी मॅट्रिक झालो आणि अंबरनाथला काडेपेटीच्या एका कारखान्यात हजेरी लिहायला लागलो. गावातल्या मोठ्या, नावाजलेल्या कारखान्याशी याचा काही संबंध नाही. आमचा कारखाना म्हणजे रुळांच्या पलीकडे पत्र्याच्या तीन शेड, सावरीच्या ओंडक्यांचा एक ढीग आणि कल्याणहून टांग्यातून येणारे एक शेठ.

तिथेही गेटाजवळ शाळेत होता तसाच रुळाचा तुकडा टांगलेला होता. तो वाजवायचं काम पहारेकरी कोंडाजीचं. एका संध्याकाळी कोंडाजीचं पोट बिघडलं आणि लोटा घेऊन जाता जाता तो मला म्हणाला, "मास्तर, सुट्टीचे टोले तेवढे द्या." मॅट्रिक झालेला तिथे मी एकटाच, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. मी हातोडा घेतला आणि शाळा सुटल्यासारखी घंटा दिली.

काडेपेटीच्या कारखान्यात सुट्टीचे टोले सावकाश द्यायचे असतात. टणाटणा वाजते ती आगीची.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मॅट्रिक झालेल्याला सांगावं लागेल असं कोणाला वाटलंही नव्हतं. पहिल्या शेडमधल्या बाया बाहेर पडल्या त्या थेट रुळांपर्यंत गेल्या. काड्या भरायच्या शेडमधून उल्हासनगरच्या कॅम्पातली खेमी बाहेर आली, ती बनूबाई नावाच्या म्हातारीला हाताला धरून ओढत होती, आणि बनूबाई आत राहिलेल्या आपल्या पानाच्या चंचीसाठी तिला शिव्या देत होती. फोरमन दौलतराव वाळूची बादली घेऊन उलटे आत धावले. आत आग दिसेना. पण बादली उचललेली होती, तेव्हा त्यांनी ती समोरच्या भरलेल्या ट्रेंवर ओतली. मग दुसरी ओतली. मी अजून वाजवतच होतो. मला वाटलं, बायांना घरी जायची घाई फारच आहे.

शेडमध्ये एक बाई मात्र उरली होती. अंजनी. आग लागली तर टाकायला प्रत्येक टेबलाखाली एक ओलं गोणपाट ठेवलेलं असे. ते हातात घेऊन ती टेबलाशी खांबासारखी उभी होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. पाय जमिनीत पुरल्यासारखे.

दौलतराव तिच्याकडे आले. ते सातारकडचे, मिशा आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा असलेले. एव्हाना त्यांना दोन गोष्टी कळल्या होत्या. आग लागलेली नाही, आणि दोन बादल्या वाळू ओतून चांगला माल खराब झालेला आहे. शेठ ऑफिसातून बाहेर येताना दिसत होते.

"धूर निघाला व्हता न्हवं?" दौलतरावांनी अंजनीला विचारलं.

अंजनीने मान हलवली.

"ह्या टेबलावर?"

पुन्हा मान.

"आन् तू गोणपाट टाकून इझवलंस?"

मान.

झालं. आग लागली होती, विझली होती, वाळू योग्य जागी पडली होती आणि घंटा वेळेवर वाजली होती. शेठांनी माझी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी नारळ देऊन अंजनीचा सत्कार केला, आणि जिवाची पर्वा न करता जागेवर उभी राहणारी अशी बाईच मुकादम पाहिजे, असं म्हणून त्यांनी तिला त्या टेबलाची मुकादम करून टाकलं. पळून गेलेल्या बायांनी मुकाट्याने टाळ्या वाजवल्या.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "अंजनीबाई, धूर खरंच होता का?"

"नाय."

"मग हो का म्हणालात?"

"मी कदी हो बोल्ली? मान हलली."

ही तिची मान समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडं मागचं सांगतो.

अंजनी बारवी नदीच्या बाजूची, डोंगरातल्या एका पाड्यावरची. रानखात्याचा शिपाई पाड्यावर आला की मोठी माणसं ओळीने उभी राहायची. लाकडं तुम्हीच तोडली ना, ही कोंबडी माझीच ना, उद्या बिनपैशाने कामाला याल ना, असं तो विचारायचा आणि तिच्या बापाची मान खालीवर व्हायची. मान हलली की शिपाई निघून जायचा. न हलवणाऱ्याला तो सोबत घेऊन जायचा. लहानपणी ती हे एवढं शिकली. शाळा तिथे नव्हतीच, त्यामुळे शिकलेलं पुसायलाही कोणी आलं नाही.

लग्न होऊन ती बदलापूरजवळच्या कात्रपला आली. नवरा नाथा लढाईच्या दिवसांत कल्याणच्या लष्करी छावणीत हमाली करायचा. लढाई संपली, सोल्जर गेले. मग त्याच बराकींत सिंधमधून उठून आलेली माणसं राहायला आली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. नाथाचं काही झालं नाही. तो आपल्या भाताच्या तुकड्यावर परत आला. त्या तुकड्यात दोघांचं होळीपर्यंत भागायचं, पुढे रेशनचे तांदूळ. म्हणून अंजनी कारखान्यात आली.

घाबरट म्हणावं तर ती तशी नव्हती. पहाटे अंधारातून रुळांच्या कडेने अंबरनाथपर्यंत चालत यायची. वाटेत एकदा फुरसं निघालं तेव्हा इतर बाया किंचाळत राहिल्या आणि हिने ते काठीने उचलून फेकलं. काड्या भरताना पेटी हातात भडकली तर ती शांतपणे गोणपाटाखाली सारायची. पण किल्ल्यांचा आवाज आला, कोणी पायात बूट घालून समोर उभं राहिलं आणि त्याने काही विचारलं की तिचं तोंड बंद व्हायचं आणि मान सुरू व्हायची. दौलतरावांनी तिला विचारलं असतं की कारखाना तुझ्या बापाचा का, तरी ती मान हलली असती.

अशी बाई मुकादम झाली, आणि त्याच साली, म्हणजे बावन्न साली, बाजार बसला.

मालाला उठाव राहिला नाही. गोदामात काडेपेट्यांची खोकी छताला लागली. शेठ टांग्यातून उतरताना आधी गोदामाकडे बघायचे आणि मग कोणाकडेच बघायचे नाहीत. एका सकाळी त्यांनी दौलतरावांना सांगितलं की बाया कमी करा, पण एकदम नको, बोभाटा होतो. दर शनिवारी टेबलामागे एक.

दौलतरावांची पद्धत होती. बाई त्यांनी काढली असं होता कामा नये. ते टेबलाशी येऊन मुकादमाला विचारणार, अमकी हळू आहे ना, आणि मुकादमाने हो म्हटलं की ती बाई गेली. पाप अर्धं अर्धं. पहिल्या शनिवारी त्यांनी अंजनीला विचारलं, "ती विठा लई हळू भरती न्हवं?"

विठा सगळ्यांत चपळ. तिचा दोष एवढाच की तिने एकदा दौलतरावांच्या मिशीवरून काहीतरी म्हटलं होतं आणि ते त्यांच्या कानावर गेलं होतं.

अंजनीची मान हलली.

विठाने पदर झटकून काड्यांची भुकटी तिथेच पाडली आणि गेली. दुपारी ओंडक्यांच्या ढिगाच्या सावलीत बाया भाकऱ्या सोडून बसल्या तेव्हा अंजनीच्या बाजूला हातभर जागा रिकामी राहिली. रोज फिरणारी चटणी तिच्यापर्यंत येईना.

"मी कुठे काय सांगितला," अंजनी भाकरीकडे बघून म्हणाली. "त्यांनीच नाव घेतला."

"घेतलान तर," बनूबाई म्हणाली. "आणि तू काय केलंस, माशी हाकललीस?"

कोणी हसलं नाही. पुढच्या शनिवारी कोणाचं नाव येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. बनूबाईची बोटं आखडलेली. चार पेट्या इतरांच्या भरून व्हायच्या तेव्हा तिची एक. नवरा कधीच गेलेला, मूल नाही, स्टेशनामागे एका गोठ्याच्या कडेला राहायची. इथून गेली तर तिला दुसरीकडे कोणी उभं करणार नव्हतं. हे तीही जाणून होती आणि त्यावर विनोद करायची.

"माझ्या पाळीला जरा हळू हलव गो," ती अंजनीला म्हणाली. "विठाच्या वेळेला केवढी जोरात हलवलीस. मी म्हातारी आहे, मला सावकाश काढ."

अंजनीने भाकरी तशीच गुंडाळून ठेवली.

त्या आठवड्यात संध्याकाळी मी बदलापूरला परतताना रुळांच्या कडेने त्या बायांच्या मागून चालत असे. ज्येष्ठ सरत आला होता, आणि बोलणं लावणीचं चाललं होतं. आमच्याकडे लावणीला सावड करतात. आज सगळ्यांनी मिळून माझं शेत लावायचं, उद्या तुझं. मजुरी नाही, दिवसाला दिवस. यात कोणाचं शेत आधी, कोणाचा दिवस कोणावर फिरला, यावरून भांडणं होतात, आणि ती भांडणं मिटवणारी बाई, मी कान देऊन ऐकलं तर, अंजनी. एकीला म्हणाली, तुझे शेतान पाणी ठरत नाय, तुझा पहिला. दुसरीला म्हणाली, तू मागल्या साली दुपारी येऊन दिवस पुरा सांगितलास, मी इसरली नाय. कोणी आवाज चढवला तर ही त्याहून चढवायची. मला दोनदा पुढे जाऊन खात्री करावीशी वाटली की बोलणारी तीच आहे.

बुधवारी मधल्या सुट्टीत खेमीने मला हाक मारली. खेमी तिशीतली, उंच, कॅम्प एकमध्ये बराकीतल्या पडदा लावून केलेल्या खोलीत सासूसह राहायची. मराठी तिने टेबलावरच उचलली होती आणि त्यात तिला वाटेल ते मिसळायची.

"मास्तर, इधर या. तू दौलतराव बन, अंजनीला नाय बोलायला शिकव."

"मी?"

"घंटी किसने बजाई? तूच ना? तेव्हा आता बन."

मी ऑफिसच्या किल्ल्या कमरेला खोचल्या, कोळशाने मिशी काढून घेतली आणि ओंडक्याला वळसा घालून किल्ल्या वाजवत आलो. "अंजने, बनूबाई हळू हाय न्हवं?"

अंजनी मला चांगली ओळखत होती. माझी मिशी ओघळत होती. तरी तिची मान हलली.

बाया पोट धरून हसल्या, अंजनीसुद्धा. मग पुन्हा केलं. पुन्हा हलली. खेमीने मागून तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. "अदी, मुंडी मेरे पास है. अब तोंडाने बोल." अदी म्हणजे त्यांच्यात मोठी बहीण. मी विचारलं, आणि खेमीच्या हातांसकट डोकं खालीवर झालं. बनूबाई म्हणाली, "राहू दे गो, हिच्या मानेत स्प्रिंग आहे. सायबाच्या घड्याळात असते तशी."

गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारी मडक्यातलं पाणी संपलं म्हणून अंजनी नळावरून हंडा भरून आणत होती. ती येताना दिसली आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी बसल्या जागेवरून किल्ल्या वाजवून ओरडलो, "अंजने, बनूबाईला काढू का?"

ती थांबली. हंडा डोक्यावर काठोकाठ भरलेला. मान हलली नाही.

मी पुन्हा विचारलं. हंड्यातलं पाणीसुद्धा हललं नाही. तिचे डोळे इकडून तिकडे फिरले. मान हलवायची राहून गेली हे तिच्या लक्षात आलं असावं, आणि आता दुसरं काहीतरी करणं भाग होतं. तिने तोंड उघडलं. आवाज आला नाही. मिटलं, पुन्हा उघडलं.

"नाय," ती म्हणाली. अगदी हळू, कोणाला तरी झोपेतून उठवू नये तसं.

बनूबाईने चंची उघडली आणि स्वतः पान न खाता तिच्यासाठी लावायला घेतलं.

आता साधी गोष्ट आहे. पाच वर्षांची असल्यापासून ती डोक्यावर पाणी वाहत होती. डोक्यावर ओझं असलं की मान हलवायची नसते हे तिच्या अंगात शिपायाच्या भीतीच्याही आधी गेलेलं होतं. पण दौलतराव येणार तेव्हा टेबलाशी हंडा घेऊन उभं राहायला कारण पाहिजे. ते कारण खेमीला सुचलं. भरलेल्या पेट्यांचा ट्रे गोदामात पोचवणं मुकादमाचं काम. नियमाने तो दोघींनी हातात धरून न्यायचा, पण बाया चुंबळ ठेवून डोक्यावरूनच नेत आणि दौलतराव ते बघून न बघितल्यासारखं करत.

शनिवारी दौलतराव चहा पिऊन उठलेले दिसले तसा दोघींनी ट्रे उचलून अंजनीच्या डोक्यावर ठेवला आणि त्या आपल्या जागी जाऊन भरायला लागल्या. मी हजेरीच्या निमित्ताने दारात उभा राहिलो. किल्ल्या वाजत जवळ आल्या. अंजनीचं लुगडं घोट्यापाशी थरथरत होतं, ते मला दिसलं. ट्रे स्थिर होता.

"अंजने."

"जी."

"बनूबाई लई हळू हाय न्हवं?"

टेबलावरचे हात चालू होते. दौलतरावांनी वाट पाहिली. रोजच्या सवयीने त्यांनी अर्धं पाऊल पुढेही टाकलं होतं, मान हलली की निघून जायला. ते मागे घ्यावं लागलं.

"ऐकलंस का? म्हातारी हळू हाय. व्हय का न्हाई?"

"नाय," अंजनी म्हणाली.

दौलतराव तिच्याकडे बघत राहिले. रागापेक्षा त्यांना चुकल्यासारखं जास्त झालं होतं, जिन्याची शेवटची पायरी नसताना पाय टाकल्यासारखं.

"आधी तो ट्रे उतरव खाली."

"भरलेला हाय. उतरवाया दुसरा मानूस लागतो."

दौलतरावांनी टेबलाकडे पाहिलं. खेमी एका पेटीत अशा काळजीने काड्या भरत होती की जणू ती पेटी तिच्या भावाच्या लग्नाला जायची होती. बनूबाईची चंची नेमकी टेबलाखाली पडली होती आणि तिला सापडत नव्हती. बाकीच्यांना ऐकू गेलं नव्हतं. दौलतरावांनी स्वतः हात पुढे केले आणि मागे घेतले. बायांच्या देखत फोरमनने डोक्यावरचा ट्रे उतरवून घेणं बरं दिसलं नसतं.

"मंग कोन हळू हाय ते तू सांग. एक जायाची म्हंजे जायाची. शेठचा हुकूम हाय."

"हळू कोन बी नाय."

"आगं, माल पडून ऱ्हायलाय. कमी करायचं हाय का न्हाई?"

इथे मला वाटलं संपलं. नाही म्हणण्याचा सराव आम्ही करून घेतला होता, त्याच्या पुढचा कोणी करून घेतला नव्हता. तिच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला आणि तिथे थांबला, कारण पुसायला हात मोकळा नव्हता. मग ती जे बोलली ते आदल्या संध्याकाळी रुळांच्या कडेने बोलत होती त्या आवाजात.

"कमी करा ना. बाया नका करू, दिवस करा. आमचे गावान लावनीला सावड असते, तशी इथं करू. रोज दोघींनी घरी ऱ्हावाचा, पाळीपाळीनं. आज ही, उद्या ती. टेबलावर रोज हातांच्या दोन जोड्या कमीच. तुमाना कमीच पायजे ना? बाजार आणखी बसला तर आणखी एकीनं ऱ्हावाचा. पण नाव कोनाचा जायाचा नाय."

"सावड शेतात असती," दौलतराव म्हणाले.

"तुमचे गावान हाय का?"

"हाय की. माझी आई..." ते थांबले. आईचा विषय कारखान्यात आला कसा हे त्यांनाच कळलं नसावं. "त्ये येगळं."

"आणि विठाला धरून मोजा," अंजनी म्हणाली. "ती धरली तरच दोन कमी पडतात. नायतर हिशोब चुकतो."

हिशोब विठाशिवायही चुकला नसता, एवढं गणित मलाही येत होतं. मी हजेरीच्या वहीत तोंड घातलं.

दौलतराव मला घेऊन शेठांकडे गेले. जाताना वाटेत त्यांनी मला तीनदा विचारलं की यात कारखान्याचं काही जातं का. मी म्हटलं, काही जात नाही, जातं ते बायांचं, आणि त्या वाटून घेतायत. शेठांनी तेच विचारलं, मी तेच सांगितलं. स्वतःचं काही जात नाही म्हटल्यावर शेठ नेहमीच उदार होत. "योजना चांगली आहे दौलतराव," ते म्हणाले, "तुम्हाला सुचली कशी?" दौलतरावांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं की आमच्या गावाकडे असं करतात. तेही खोटं नव्हतं.

आम्ही परत येईपर्यंत अंजनी तशीच उभी होती. दौलतरावांनी लांबूनच हात केला, करा काय करायचं ते. तेव्हा दोघींनी ट्रे उतरवला आणि अंजनी खाली बसली ती बराच वेळ उठली नाही. तिला मान वळवता येत नव्हती. पुढे आठवडाभर ती कोणी हाक मारली की सगळी वळायची.

विठा सोमवारी आली. अंजनीशी ती लगेच बोलली असं नाही. बोलायला तिला नागपंचमी उजाडली, आणि तेव्हाही मिशीवरूनच काहीतरी बोलली.

सावड दिवाळीपर्यंत चालली. सगळं गोडीगुलाबीने चाललं असं कोणी समजू नये. हातात कमी येत होतं, आणि कमी आलं की माणसं जशी बोलतात तशा त्या बोलायच्या. बनूबाईच्या वाटच्या पेट्या शेजारच्या दोघी भरून द्यायच्या आणि रोज तिला ऐकवायच्या, आणि ती रोज उलट ऐकवायची. गावाकडच्या बाया सुट्टीच्या पाळीला एकमेकींची शेतं लावायला जात. खेमीला शेत नव्हतं. पहिल्या पाळीला ती सवयीने गेटापर्यंत येऊन परत गेली. मग तिने बराकीच्या ओट्यावर शेजारणींबरोबर पापड लाटायला घेतले. कॅम्पातला एक दुकानदार ते उचलायचा. बनूबाईलाही ती नेऊ लागली. काडी धरायला न वाकणारी बोटं लाटणं धरायला चालत होती. परत आल्यावर बनूबाई सांगायची की त्या लोकांच्या पापडात मिरी फार असते आणि बोलणं त्याहून तिखट, आणि पुढच्या पाळीची वाट बघायची.

शेजारच्या टेबलावर मात्र सावड झाली नाही. तिथल्या मुकादमाला मान हलवायला अडचण नव्हती. तिथून गेलेल्या बाया गेल्याच. अंजनी एकदा त्या टेबलाशी जाऊन बोलून आली. काय बोलली मला ठाऊक नाही. उपयोग झाला नाही एवढं खरं. दिवाळीच्या सुमारास गोदाम हळूहळू रिकामं झालं आणि आमचं टेबल पुन्हा रोज पुरं बसू लागलं.

दौलतरावांना अंजनी घाबरायची थांबली का, असं मला विचारतात. मला तसं वाटत नाही. किल्ल्या वाजल्या की अजूनही तिचं लुगडं घोट्यापाशी हलतं. पण ते विचारायला आले की ती टेबलावरचं हाताला येईल ते, चुंबळ म्हणा, रिकामा ट्रे म्हणा, एकदा तर बनूबाईची चंची, डोक्यावर ठेवते आणि मग उत्तर देते. नव्या बायांना वाटतं की ही इथली काहीतरी रीत आहे. दोघीतिघींनी ती उचललीही आहे.

राहता राहिलं माझं. त्याच आषाढात माझ्या वडिलांचा पाय बांधावरून घसरला आणि आमचं शेत लावायचं राहिलं. रोपं पिवळी पडायला लागली. मी टेबलाशी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. पण पाळीच्या सुट्टीवरच्या दोघी, अंजनी पुढे, आपल्या गावातल्या सावडीच्या बाया घेऊन सकाळी आमच्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या. "मास्तर आमचे टेबलाचेच," ती माझ्या आईला म्हणाली. दिवस मावळायच्या आत शेत लागलं. मी त्या वेळी कारखान्यात हजेरी मांडत होतो.

सावडीत दिवसाला दिवस फेडावा लागतो. माझ्या आईने बाकीच्या बायांचे दिवस त्याच पंधरवड्यात फेडले. अंजनीच्या शेतावरही ती निघाली होती, पण अंजनीने तिला परत पाठवलं. "आईचा दिवस नको. मास्तरांचा पायजे."

ती गोष्ट होऊन पाच पावसाळे झाले. मॅट्रिक झालेल्या माणसाने कारखान्यातल्या बायांच्या ओळीत गुडघाभर चिखलात वाकून उभं राहणं यात गैर काही नाही, हे मी दर ज्येष्ठात कबूल करतो. आषाढात मला सर्दी होते. एका साली माझी पँट नवी होती. एका साली मी चुलत्याकडे वांगणीला गेलो होतो, ते काम खरंच निघालं होतं, पण कोणी विश्वास ठेवला नाही. बनूबाई असेपर्यंत टेबलावर माझं नाव निघालं की विचारायची, लावणी झाली का मास्तरांची. ती गेली तरी प्रश्न राहिला आहे. आता तो खेमी विचारते, अर्धा मराठीत.

परवा गेटात अंजनी भेटली. डोक्यावर ट्रे होता, त्यामुळे थांबली ती पूर्ण वळून.

"रोपा तयार झालीत, मास्तर."

"या रविवारी जरा काम आहे," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी नक्की येतो. अगदी नक्की."

तिने मान हलवली नाही.